अठरा सेंटिमीटर

दर दुसऱ्या मंगळवारी मी बोल्गाहून इथं येते,
मोटरसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधून.
हर्मटानची धूळ दातांखाली करकरते,
आणि तलाव दिसण्याआधी ऐकू येतात
कांद्याच्या वाफ्यांवरचे पंप.

धरण म्हणतात, पण आहे मातीचा एक लांबट उंचवटा.
आनाफो म्हाताऱ्याच्या तरुणपणी गावानं तो घातला,
डोक्यावरून माती वाहून,
दिवसाला एक टोपलं बाजरी या मजुरीवर.
त्याच्या आत जे साठतं त्यावर जगतात
गुरं, गाढवं, कांदे, पोरं,
गाळात बसलेले मांगूर,
एक मगर (तिला कुणी हात लावत नाही,
ती कुणाची तरी पणजी आहे)
आणि अडीचशे घागरी.

मी दोरीची चकती खाली सोडते,
काळी-पांढरी, ताटलीएवढी.
दिसेनाशी झाली की दोरी चिमटीत धरायची
आणि तिथवर मोजायचं.
पाण्याला किती दिसतं ते असं कळतं.
ऑक्टोबरात हातभर दिसत होतं.
आज अठरा सेंटिमीटर.
माझी वीतही याहून मोठी आहे.

पहाटे आले तर मांगूर वर आलेले असतात,
तोंडं उघडत, मिटत,
सभेत ज्यांची पाळीच आली नाही अशा माणसांसारखे.
दुपारी तेच पाणी हिरवं, दाट,
रंगाऱ्यानं ब्रश बुडवून विसरल्यासारखं.
अर्धं खत आवुनीच्या वाफ्यांतून परत आलेलं,
अर्धं गुरांनी उभ्या उभ्या दिलेलं.
आवुनी फवाऱ्याची टाकी इथंच विसळतो.
"थोडंसंच तर असतं," म्हणतो.
थोडंसंच असतं, खरंय.
ओंजळभर विषानं मोठ्या तलावाचं काही बिघडत नाही.
हा तलाव मार्चमध्ये
स्वतःच ओंजळ होतो.

काठच्या लव्हाळ्यात गोगलगायी आहेत, नखाएवढ्या.
त्यांच्याच डोक्यावरून आयिने सूर मारतो, नऊ वर्षांचा.
मला हळूच म्हणाला, लघवीला लाल होतं.
आणि जरा ऐटीत: मोठ्या पोरांनाही होतं.
मी वहीत त्याच्यासाठी रकाना शोधला.
तापमान होतं, गढूळपणा होता, नायट्रेट होतं.

आपोका, त्याची आजी, शेवग्याच्या बिया कुटत बसलेली.
घागरीत भुकटी टाकून ती पाणी निवळवते,
माझ्या चकतीच्या कितीतरी आधीपासून.
आज तिनं हातातली मुसळी थांबवली.
"तीन वर्षं झाली. आमच्याकडून पाणी नेतेस,
निरोप आणत नाहीस."

काय सांगायचं होतं?
की बाटल्या पोचतात, आकडे पोचतात,
कागदाला कागद जोडला जातो
आणि तो वरच्या कपाटात गेला की
त्याला तळ लागत नाही?

तिनं भोपळ्याची कटोरी पुढं केली.
झोम कोओम: बाजरीचं पीठ, आलं, मिरी,
आणि पाणी.
इथं पाहुण्याला आधी पाणी देतात,
मग विचारतात कशाला आलात.
या पाण्याचा महिनाभराचा हिशेब माझ्या खिशात होता.
मी दोन्ही हातांनी कटोरी धरली
आणि प्यायले, तळाशी राहिलेल्या कोंड्यासकट.

"कसं आहे?"
तिनं कशाबद्दल विचारलं ते कळलं नाही.
पिठाबद्दल म्हटलं, "छान आहे."
मग पाण्याबद्दल म्हटलं, सगळं,
न वाचता, तिला कळेल अशा शब्दांत,
आणि पहिला निरोप हा, की
आयिनेला उद्याच दवाखान्यात ने,
गोळ्या मिळतात, आणि लव्हाळ्यात पाय घालू देऊ नकोस.
ती म्हणाली, "मग पोरं पोहायची कुठं?"
याचं उत्तर मला आलं नाही.

सूर्य बांधावर टेकला.
पेटीतला बर्फ निम्मा पाणी झालेला,
त्यात सात बाटल्या एकमेकींना लागत होत्या.
रात्री पोट दुखलं
तर तीही एक नोंद धरायची, आठवी,
असं ठरवून मी किक मारली.